पहिला घास रिताचा

“भाऊजी, तुमची चप्पल.”

मागून आवाज आला तेव्हा मी पितळी भांड्यांच्या ओळीत पाच-सहा दुकानं पुढं निघून आलो होतो. खाली पाहिलं. उजव्या पायात चप्पल, डावा पाय उघडा, आणि टाचेत कुठल्याशा फुटक्या बाटलीची किरची रुतलेली. किती वेळ असा चाललो असेन कोण जाणे. मला पायांचं काही कळत नाही. गुडघ्याच्या चार बोटं खाली माझी हद्द संपते, तिथून पुढं जे आहे ते माझंच आहे असं मी डोळ्यांनी पाहून मानतो. म्हणून मागं पट्टा असलेली सँडलच घालायची असा घरचा हुकूम आहे. पण सकाळी पट्टा तुटला, आणि सकाळच्या त्या फोननंतर माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, दाराशी पडलेली चप्पल सरकवली आणि झेरॉक्सच्या दुकानात जाऊन बसलो. दुपारी शटर ओढून जेवायला घरी निघालो तर हे असं. मागं वळलो. माझी चप्पल हातात धरून रुखमिणी येत होती, खाणीतल्या माझ्या दोस्ताची, सोमाजीची बायको. काखेत पाणी भरायचा नवा कोरा पितळी गुंड. मी “नोको, नोको” म्हणेपर्यंत तिनं गुंड खाली ठेवला, भर रस्त्यात उकिडवी बसली, माझी टाच उचलून किरची काढली, पदरानं रक्ताचा ठिपका पुसला आणि पायात चप्पल घातली. तिची बोटं माझ्या पायावर होती. मला दिसत होती, लागत नव्हती.

या बाईच्या हातचं विष माझ्या पायांत आहे. सरळ सांगून टाकतो, फिरवून फिरवून बोलायचा मला आता कंटाळा आला आहे. अकरा वर्षांपूर्वी तिनं ते एका डब्यात कालवलं आणि तो डबा मी खाल्ला. माझ्यासाठी नव्हता तो. हे तिला माहीत आहे, सोमाजीला माहीत आहे, मला माहीत आहे. ज्या एका माणसाला माहीत असायला पाहिजे होतं ते माणूस आज या वेळीही घरी वरणभात करून माझी वाट पाहत होतं.

“आमच्या रुचिकाचं जमलं भाऊजी,” रुखमिणी उठत म्हणाली. “पौषाच्या आंधी उरकून टाकाचं हाय. हे म्हने गुंड भंडाऱ्याचेच पायजे, म्हून आली. तुमाले आनं वयनीले या लागनच.”

“सोमाजी कसा हाय?”

“बरे हायेत. कामावरून सिदे घरी येतेत. दारू सोडल्याले आता अकरा वर्सं झाले.” आकडा तोंडातून निघून गेल्यावर ती थांबली. गुंडाच्या काठावरची धूळ अंगठ्यानं पुसत राहिली. केस पांढरे झालेत, पण चेहरा भरला आहे, अंगावर धड पातळ आहे, हातांवर कुठं वळ नाही. मी पहिल्यांदा हातच पाहिले. “तुमच्या परतिक्षाचं पाहून राह्यले का कोठी?” तिनं विचारलं. मी म्हटलं, “पाहून राह्यलो.” ती स्टँडकडे गेली, मी घराकडे. दर पावलाला खाली पाहत. डावी आहे. उजवी आहे. डावी आहे.

पाहून राह्यलो म्हणे. सकाळी साडेआठला साकोलीहून लक्ष्मणरावांचा फोन आला होता, मुलाचे काका. माणूस चांगला आहे, आडपडदा नाही. “जय भीम, धम्मदीपभाऊ. पोरगी आमाले पसंत हाय, पोराले तं हायच हाय. पन चिखल्याकडून एक गोठ कानावर आली. खोटी असन. पन घरातल्या बायाइच्या मनात बसली ना. आज संध्याकाळपावतर तुमच्या तोंडून काय ते समजलं तं बरं होईन.” गोष्ट कोणती ते मी विचारलं नाही. मला पाठ आहे ती. पोरीच्या मायनं नवऱ्याले जेवणातून घातलं होतं, नवऱ्यानं पदरात घेतलं म्हणून वाचली. याआधी दोन स्थळं आली आणि चहा पिऊन गेली ती गेलीच. त्यांनी निदान विचारलं तरी नाही. आणि हे तिसरं तर प्रतिक्षानं स्वतःच आणलेलं. ती साकोलीत रक्त-लघवी तपासायच्या दुकानात कामाला आहे, मुलगा, सुगत, पोस्टात, सकाळच्या एकाच बसनं जाता-जाता दोघांचं जमलं. हे तिनं मला नाही सांगितलं, मायला सांगितलं. माय हसली तेव्हा घरात कितीतरी दिवसांनी हसण्याचा आवाज झाला होता. फोन ठेवल्यावर माझ्या बायकोनं, रितानं, आतून विचारलं, “कोनाचा होता?” मी म्हणालो, दुकानाचा. खोटं बोलायला मला वेळ लागत नाही. सरावच आहे.

सुरुवात तिथून करायला पाहिजे, खालून. चिखल्याच्या मॅंगनीजच्या खाणीत मी आणि सोमाजी एकाच पाळीत उतरायचो. वर कॉलनीत आमच्या घरांमध्ये सहा दारं, आणि त्या सहा दारांत जे असतं ते सगळं. त्याच्या घरी माळ, घरात मासळी चालायची नाही, आणि म्हातारी जिवंत होती तोवर आमच्या लोकांच्या घरचं पाणीसुद्धा नाही. सोमाजी माझ्या घरी यायचा, खुर्चीवर बसायचा, गप्पा हाणायचा, पण चहा आला की त्याला नेमकं पोटात दुखायचं. खाली मात्र वेगळा माणूस. पहिल्याच महिन्यात खाण्याच्या सुट्टीत माझा डबा उघडला आणि रिताच्या सुक्या झिंग्यांच्या चटणीचा वास सुटला. सोमाजीनं मागंपुढं पाहिलं. मग म्हणाला, “दे ना बे.” मी दिला. त्यानं त्याचा माझ्यापुढं सरकवला. त्या दिवसापासून सहा वर्षं, पाळी एक असली की डबा त्याचा मला आणि माझा त्याला. खाऊन झालं की आम्ही दोघं खालच्या नळावर डबे घासून-पुसून आपापल्या पिशवीत टाकायचो, चटणीचा वास जावा म्हणून सोमाजी तर हाताला मातीसुद्धा चोळायचा. खालची गोष्ट खाली. वर आल्यावर कोणी कोणाला ओळख देत नसल्यासारखं त्या विषयावर गप्प. दोघांच्या बायकांना वाटायचं की आपला नवरा आपल्या हातचं खातो.

रुखमिणीच्या हाताला चव होती. साधं वांगं असं करायची की मी बोटं चाटायचो. तिच्या हातांवर वळ असायचे तेही मला माहीत होतं. कॉलनीच्या नळावर एकदा तिचा डोळा काळानिळा पाहिला, एकदा मनगट बांधलेलं पाहिलं. सोमाजी दोस्त म्हणून सोन्याचा तुकडा होता आणि प्यायला की घरात राक्षस. मी त्याला कधी काही बोललो नाही. घरची गोष्ट, आपण काय बोलणार, असं म्हणून मी तिची भाजी खात राहिलो, सहा वर्षं. आता हे आठवतं तेव्हा मला तिचा राग येत नाही आणि राग येत नाही याचाच राग येतो. तो स्वतः कधीकधी बायकोबद्दल हसत म्हणायचा, “एक दिवस मारन मले ते.” आणि झिंगे खायचा.

त्या दिवशी अंबाडीची भाजी होती, लसूण नेहमीपेक्षा जास्त. मला सर्दी झाली होती. दोन घास कडवट लागले, म्हटलं लसूण जळाला असेल. सगळी खाल्ली. थोड्या वेळानं तोंडाला पाणी सुटायला लागलं, थुंकलं तरी थांबेना. मला वाटलं अंबाडीचा आंबटपणा. मग डोळ्यांतून, नाकातून, सगळीकडून पाणीच पाणी. लोकांच्या टोप्यांवरचे दिवे लहान लहान होत गेले, सुईच्या टोकाएवढे, आणि मी सोमाजीला म्हटलं की दिवे काहून विझवून राहिले बे. पुढचं मला लोकांनी सांगितलं आहे. सोमाजीनं मला पाठीवर घेतलं, कपडे घाण झाले होते तरी सोडलं नाही, वर येईपर्यंत माझं नाव घेत होता. त्याच्या बोटांना झिंग्याच्या चटणीचा वास येत होता एवढं मात्र माझं मला आठवतं, किंवा मी ते नंतर जोडलं असेल. माझ्या आठवणींना आता भरवसा नाही. दुकानात बसून पंचवीस प्रती मोजतो आणि पंचवीसच्या सत्तावीस होतात, कारण एक कागद आहे की दोन ते बोटांना कळत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, काका, थुंकी लावा ना. थुंकी लावून काय होते.

नागपूरच्या दवाखान्यात एकोणीस दिवस होतो. नळी काढली त्या सकाळी डोळे उघडले तर रिता बाजूला बसलेली, हातात पेजेची वाटी आणि चमचा. आता जे सांगतो ते मी कोणाला सांगितलेलं नाही. डोकं तेव्हा धुक्यात होतं, डब्यांची अदलाबदल वगैरे काही म्हणजे काही आठवत नव्हतं. एवढंच कळत होतं की मला कोणीतरी काहीतरी खाऊ घातलं आहे, आणि मी जेवतो ते या बाईच्या हातचं. मी वाटीकडे पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं. एक क्षण, नाहीतर दोन. तोंड उघडलं नाही. तिचा चमचा हवेत थांबला. तिनं पाहिलं माझं पाहणं, पूर्ण पाहिलं, आणि मग काय केलं तर तो चमचा स्वतःच्या तोंडात घातला, गिळला, दुसरा भरला आणि माझ्यापुढं धरला. मी प्यालो. त्याआधी चार दिवस पोलिसांनी तिला बसवून विचारपूस केली होती हे मला मागाहून कळलं. डबा कोणी भरला, काय घातलं, भांडण होतं का, दुसरं कोणी होतं का. तिनं सगळ्याला एकच उत्तर दिलं होतं, ते उठले की त्यायलेच विचारा, ते सांगतीन. माझ्या उठण्यावर एवढा भरवसा टाकून बसली होती ती, आणि मी उठलो तो असा.

दुसऱ्या दिवशी सोमाजी आला. रिता खाली औषध आणायला गेली होती. तो खाटेच्या पायथ्याशी बसला आणि त्यानं माझे दोन्ही पाय धरले. तेव्हा पाय होते मला. त्याचे तळहात ओले होते, गरम होते, आणि उजव्या अंगठ्याला घट्टा होता, सगळं कळलं. या विषाची ही एक खोड आहे, ते आधी सोडून देतं आणि दोन-तीन आठवड्यांनी परत येऊन पाय मागतं. डॉक्टरनं सांगितलं होतं की असं होऊ शकतं, मी ऐकलं नव्हतं. “डबा माहा होता,” सोमाजी म्हणाला. “कोठी बोलू नोको, धम्मदीप. तिले नेतीन. दोन पोरी हायेत माह्या.” दाराबाहेर रुखमिणी उभी होती, भिंतीला चिकटून, नुसता पदर दिसत होता. मला सगळं आठवलं, अंबाडी, लसूण, झिंगे. आणि मला काय झालं माहीत आहे? मला मोठं वाटलं. विहारात इतकी वर्षं करुणा करुणा ऐकत आलो होतो, वाटलं हीच ती, आपल्याला जमून राहिली. संध्याकाळी विचारणारे आले तेव्हा मी सांगून टाकलं की धानाच्या बांधीवर फवारायचं औषध मी पाण्याच्या बाटलीत काढून ठेवलं होतं, चुकून तीच बाटली खाली नेली, चूक माझीच. त्यांनी लिहून घेतलं. अंगठा घेतला, कारण सही करायला हात धरत नव्हता. रिता कोपऱ्यात उभी राहून ऐकत होती.

आमची बांधी तेव्हा दोन वर्षांपासून बटईनं दुसऱ्याला कसायला दिलेली होती. घरात फवारायचं औषध नव्हतं, बाटली नव्हती, काही नव्हतं. हे साऱ्या दुनियेत फक्त रिताला माहीत होतं. म्हणजे मी धडधडीत खोटं बोललो हे तिला तिथल्या तिथं कळलं, आणि नवरा असं खोटं कोणासाठी बोलेल? तिच्यापुढं एकच उत्तर होतं. यानं मनात धरलं आहे की मीच घातलं, आणि हा मला वाचवून राहिला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. मी तर संन्याशाला माफी दिली, ते फाशीपेक्षा वाईट. महिन्याभरानं माझे पंजे लोंबायला लागले, चालताना पाय फटफट आपटायचे, तेव्हा माझ्या पोटऱ्यांना तेल चोळता चोळता तिनं विचारलं, खाली मान घालून, “तुमाले माह्यावर शक हाय का?” सांगायला पाहिजे होतं. तिथं सांगायला पाहिजे होतं. सहा दारं सोडून रुखमिणीच्या पोरी लंगडी खेळत होत्या, त्यांचा आवाज येत होता. मी म्हणालो, “जाऊ दे ना वो. झालं ते झालं.” या एका वाक्यासाठी माणसाची जीभ झडून जायला पाहिजे.

तेव्हापासून पहिला घास तिचा. ताट वाढायचं, समोर बसायचं, माझ्या ताटातून भात, वरण, भाजी, जे असेल त्याचा एक घास कालवायचा, माझ्या डोळ्यांपुढं खायचा, पाणी प्यायचं, मग म्हणायचं, जेवा. सकाळ-संध्याकाळ. ताप असला तरी, उपास असला तरी, पाहुण्यांत असलो तरी. भाजी चुलीवर असतानाही चमच्यानं दोनदा चाखते, म्हणून आमच्या घरी मीठ कधी चुकत नाही. प्रतिक्षा लहान होती तेव्हा तिला वाटायचं की सगळ्यांच्या घरी माय असंच करते. मी एकदाही तो हात धरला नाही. धरला असता तर कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण सांगायचं म्हणजे सगळं सांगायचं. गावात ती शाळेत पोरांची खिचडी शिजवायची, ते काम लोकांनी सोडवलं, तिच्या हातचं आमच्या पोराइले नोको म्हणून. मग मला खाणीच्या कामावरून काढून घरी बसवलं, आम्ही भंडाऱ्याला आलो, मी झेरॉक्स मशीन टाकलं आणि तिनं शिलाई. कोंबडं झाकलं तर उजाडत नाही असं मला वाटलं होतं. गोष्ट एसटीनं आमच्याआधी येऊन बसली होती. आणि तिकडं सोमाजीनं त्या दिवसापासून थेंबाला हात लावला नाही, बायकोवर हात उचलला नाही. विष मी खाल्लं आणि औषध त्याला लागू पडलं. कधीकधी वाटतं चांगलं झालं. कधीकधी वाटतं जाऊन त्याच्या दारात बसावं आणि म्हणावं, पाय दे माझे.

घरी पोचलो तर रिता मशीनवर होती. तिनं आधी पायच पाहिले. “चप्पल काहून घातली?” उठली, घमेलं आणलं, मला बसवलं, पाय धुतले, तळवे उलटून पाहिले. हे रोज संध्याकाळचं काम, आज दुपारी. “अथी लागलं,” तिनं टाचेवर बोट दाबलं. “कळते का?” “नाई.” “अथी?” “नाई.” तळपायाला जखम आहे की नाही हे मी तिच्या तोंडाकडे पाहून ओळखतो. तिनं हळद दाबली, चिंधी बांधली, हात धुतले, ताट आणलं. वरण, भात, दोडक्याची भाजी, लोणच्याची फोड. समोर बसली. उजवा हात माझ्या ताटात आला, भात-वरण कालवलं, घास उचलला, आणि मला एकदम रस्त्यातला तो दुसरा हात दिसला, टाचेतली किरची काढणारा, धड, वळ नसलेला. त्या हाताच्या पोरीचं जमलं होतं. मी रिताचं मनगट धरलं.

“थांब,” मी म्हणालो. “त्या दिवशी तुहा डबा मी खाल्लाच नाई.”

आणि सांगितलं. झिंग्यांपासून सांगितलं. नीट सांगता आलं नाही, मागचं पुढं झालं, मधेच लक्ष्मणरावांचा फोन सांगितला, मग रुखमिणी भेटली ते, मग दवाखाना. ती ऐकत होती. घास तिच्या बोटांत तसाच होता, वरण मनगटापर्यंत ओघळून वाळलं. बाहेर भाजीवाला ओरडत गेला. तिनं मधे एकदाच तोंड उघडलं. “मंग तवा तुमी माह्याकडं तसं काहून पाह्यलं?”

“मले आठवत नोहतं तवा. एक क्षन… दुसऱ्या दिवशी आठवलं.”

“दुसऱ्या दिवशी,” ती म्हणाली. तिनं घास ताटात परत ठेवला. हळूच ठेवला, सांडू नये असा. “मले वाटे, तुमाले कोनी तरी सांगतलं असन. मले वाटे, मीच काई केलं असन का. झिंगे जुने होते का. बरनीत काई पडलं होतं का. चटनी करतानी रोज तेच आठवो, त्या दिवशी मी काय काय टाकलं होतं. अकरा वर्सं मोजून राह्यली मी. मिरची, लसून, मीठ, झिंगे. मिरची, लसून, मीठ, झिंगे.” ती रडली नाही. मी रडायला लागलो तर म्हणाली, “तुमी नोका रडू. फोन लावा.”

“रुचिकाचं जमलं हाय वो. तिचं…”

“फोन लावा.”

लावला. स्पीकरवर ठेव म्हणाली, ठेवला. लक्ष्मणराव पाणी देत होते कुठं तरी, मोटारीचा आवाज येत होता. मी म्हणालो की भाऊ, मी बाटलीची गोष्ट सांगितली होती ती खोटी होती, मी दुसऱ्याचा डबा खाल्ला होता, माझ्या बायकोचा डबा त्या दिवशी दुसऱ्यानं खाल्ला आणि तो आजही धडधाकट आहे. तिकडं मोटार बंद झाली. “मंग इतले वर्सं बोलले काहून नाई?” लक्ष्मणरावांनी विचारलं. मी म्हणालो, “माही चूक.” “कोनाचा डबा होता?” मी रिताकडे पाहिलं. तिनं फोन माझ्या हातातून घेतला. “जय भीम भाऊ. परतिक्षाची माय बोलून राह्यली. नाव तुमच्या कामाचं नाई. तो डबा माहा नोहता, येवढंच तुमच्या घरच्या बायाइले सांगा.” मग लक्ष्मणराव म्हणाले, “बाई, आमी रविवारी येतो. घरचे समदेच येतो. जेवाले येतो.” शेवटचे दोन शब्द त्यांनी सावकाश म्हटले. रिता म्हणाली, “या.”

फोन बंद करून तिनं ताट उचललं आणि आत नेलं. मला वाटलं आता ती माझ्याजवळ येऊन बसेल, किंवा ओरडेल, किंवा प्रतिक्षाला फोन करेल. ती उंबऱ्यात उभी राहिली. “काय होतं त्या डब्यात?”

“अंबाडी.”

तिनं पिशवी घेतली, चप्पल घातली आणि गेली. कोपऱ्यावरच्या बाईकडं अंबाडीची जुडी मिळते, मला माहीत आहे, इथं राहायला आल्यापासून मी तिथून मान वळवून जातो. पाच मिनिटांत परत आली. मी खुर्चीवर होतो तिथंच होतो. आतून पानं खुडल्याचा आवाज, पाण्याचा आवाज, मग लसूण ठेचल्याचा. खूप लसूण ठेचत होती. फोडणी पडली आणि तो वास बाहेर आला तसं माझ्या तोंडाला पाणी सुटलं, तेच पाणी, मी दोनदा गिळलं. मनाला बजावलं, अरे रिता आहे. आणि मन म्हणालं, हो, रिताच आहे, कालपर्यंत तिच्यापाशी कारण नव्हतं. तांदळाच्या पिंपामागं उंदरांच्या औषधाची पुडी आहे, दिवाळीआधी मीच आणून ठेवली. उठून पाहावी का, फोडली आहे का. उठलो नाही. उठलो असतो तर तिनं ते पाहिलं असतं, आणि तिला माझं पाहणं फार लवकर कळतं. आत चमचा एकदाही खणकला नाही. चाखताना ती चमचा कढईच्या काठावर दोनदा आपटते, वर्षानुवर्षं ऐकतो मी. आज ते काही नाही.

ताट आलं. भात, आणि त्यावर हिरवीगार अंबाडी, लसणाच्या लाल पाकळ्या वर दिसत होत्या. तिनं पाण्याचा तांब्या ठेवला. समोर बसली. दोन्ही हात मांडीवर, एकात एक. मी वाट पाहिली. किती पाहिली सांगता येत नाही. हात मांडीवरून हलले नाहीत.

“जेवा,” ती म्हणाली. “थंडं होऊन राह्यलं.”

मी कालवलं. भात गरम आहे की निवला ते बोटांना कळलं नाही. घास तोंडाशी नेला. ती माझ्याकडे पाहत होती, त्या सकाळी मी तिच्याकडे पाहिलं तसं नाही, साधं, उघड्या डोळ्यांनी. मी घास तोंडात घातला, चावला, गिळला. मग दुसरा. मग तिसरा.

“कशी झाली?” तिनं विचारलं. हा प्रश्न तिनं मला अकरा वर्षांत विचारला नव्हता. तिला माझ्याआधी माहीत असायचं.

“मीठ नाई,” मी म्हणालो.

ती उठली नाही. हात लांब करून मागची मिठाची बरणी घेतली आणि माझ्यापुढं सरकवली. झाकण घट्ट होतं. माझ्या बोटांना पकड नाही, घरातल्या सगळ्या बरण्या तीच उघडून देते. तिनं हात परत मांडीवर ठेवले, आणि मी झाकण फिरवत राहिलो.